विश्लेषण : ‘ब्रेन ट्रेनिंग’मुळे अभ्यासात मागे पडणारी मुले खरोखर पुढे येतात का?

वाचताना अडखळणाऱ्या, पाढे विसरणाऱ्या मुलांच्या पालकांना हल्ली ‘ब्रेन ट्रेनिंग’चा पर्याय सुचवला जातो. संगणकावरच्या खेळांनी स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढवायची, मग वाचन-गणित आपोआप सुधारेल, असा दावा असतो. आजवरचे संशोधन या दाव्याला फारसा आधार देत नाही.

कल्पना कुठून आली?

४७ आणि ३८ची तोंडी बेरीज करताना हातचा लक्षात ठेवावा लागतो. लांब वाक्य वाचताना शेवट येईपर्यंत सुरुवात विसरून चालत नाही. माहिती अशी थोडा वेळ धरून ठेवून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेला कार्यकारी स्मृती म्हणतात. अभ्यासात मागे असलेल्या अनेक मुलांमध्ये ती कमी आढळते. ती सरावाने वाढवता येते, असे स्वीडनमधील तोर्केल क्लिंगबर्ग यांनी मांडले आणि त्यातून ‘कॉगमेड’ हा कार्यक्रम आला. त्यात, उदाहरणार्थ, पडद्यावर एकामागोमाग उजळणाऱ्या चौकटींचा क्रम लक्षात ठेवायचा असतो. जमला, की क्रम लांबत जातो.

मेलबर्नमध्ये काय दिसले?

या कार्यक्रमाची मोठी कसोटी ऑस्ट्रेलियात लागली. मेलबर्नमधील शाळांतून कार्यकारी स्मृती कमी असलेली पहिलीची ४५२ मुले निवडली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला शाळेच्या वेळेत वर्गाबाहेर नेऊन २० ते २५ सत्रे कॉगमेड दिले, दुसरा गट नेहमीप्रमाणे वर्गात राहिला. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहिलेल्या आकृत्या आणि जागा लक्षात ठेवण्याची क्षमता काही काळ सुधारली, पण दोन वर्षांनी तोही फरक उरला नाही. वाचन आणि शुद्धलेखनात फायदा दिसला नाही. गणितात तर प्रशिक्षण घेतलेली मुले दुसऱ्या गटापेक्षा थोडी मागे होती. बुडणारे तास, खर्च आणि न टिकणारा लाभ पाहता शाळांतून अशी सरसकट योजना राबवू नये, असे संशोधकांनीच म्हटले.

कारण तसे साधे आहे. चौकटी लक्षात ठेवण्याचा सराव केला की चौकटी लक्षात ठेवणे जमते. त्यातून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’मधला फरक कळत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘लुमोसिटी’ खेळांच्या कंपनीने फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात २० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. शाळेतील कामगिरी सुधारते, हाही त्या जाहिरातींतला एक दावा होता.

मुंबईतील प्रयोग वेगळा का ठरला?

मुलांना वर्गाबाहेर नेणे हे मात्र मुळात वाईट नाही. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम राबवला. मागे पडलेल्या १५-२० मुलांच्या गटाला वस्तीतलीच एक तरुणी रोज सुमारे दोन तास अक्षरओळख, वाचन आणि आकडेमोड शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या अभ्यासात मुलांचे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले. उपक्रम संपल्यावर वर्षभरात लाभ बराच ओसरला, हेही त्यांनी नोंदवले. शिवाय ही मुले मुख्यतः पाया कच्चा राहिलेली होती, सर्वांना अध्ययन अक्षमता होती असे नाही. तरी फरक लक्षणीय आहे. इथे जे यायला हवे, तेच शिकवले जात होते.

अध्ययन अक्षमता असेल तर?

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठीही सर्वाधिक आधार आहे तो ध्वनी आणि अक्षर यांची सांगड टप्प्याटप्प्याने शिकवण्याच्या पद्धतीला. मराठीत याचा अर्थ मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांवर चिकाटीने काम करणे. हे काम कंटाळवाणे आहे आणि जाहिरातीत शोभत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वात स्थान दिले आहे. अधिकृत प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. खेळांच्या वर्गणीत एक-दोन वर्षे गेली, तर ही तपासणी तेवढीच लांबते.