'बाल्कनायझेशन' : एका शब्दाची धास्ती

एखाद्या देशाची परस्परांशी वैर धरणाऱ्या छोट्या तुकड्यांत शकले होणे, यासाठी इंग्रजीत 'बाल्कनायझेशन' हा शब्द रूढ आहे. 'बाल्कन' हा मूळचा तुर्की शब्द, अर्थ पर्वतरांग. ऑटोमन साम्राज्य खिळखिळे झाल्यावर आग्नेय युरोपातील या द्वीपकल्पात लहान राष्ट्रे उदयास आली. १९१२-१३च्या युद्धांत ती आधी तुर्कांशी आणि मग आपसांत लढली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रदेशाचे नाव फुटीचेच नाव बनले. १९९१ पासून युगोस्लाव्हियाचे रक्तरंजित विघटन झाले आणि या शब्दाला नवी धार चढली. २००८ मध्ये कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केले. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

भारताला ही धास्ती जुनीच. प्रांतांना वेगळे होण्याची मुभा देणारा माउंटबॅटन यांचा आराखडा मे १९४७ मध्ये सिमल्यात नेहरूंनी याच भीतीपोटी फेटाळला. भाषावार प्रांतरचनेच्या मागणीवरही पुढे हीच शंका घेतली गेली. प्रत्यक्षात १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, १९६० मध्ये महाराष्ट्र साकारला, २०१४ मध्ये तेलंगण आले; देश मात्र फुटला नाही. उलट, असंतोषाला सनदशीर वाट मिळाली.

म्हणूनच स्वतंत्र राज्याच्या किंवा वाढीव अधिकारांच्या प्रत्येक मागणीवर हा शब्द फेकणे घातक ठरते. रास्त मागणीलाही फुटीरतेचा शिक्का बसला, की संवादाची दारे बंद होतात. आणि फुटीची खरी सुरुवात तेथूनच होते.