डिमोना: कोकणातून इस्रायलच्या वाळवंटात गेलेल्यांचं पुढे काय झालं?

मणिपूर आणि मिझोराममधल्या बेने मेनाशे समाजातल्या सुमारे ५,८०० लोकांना २०३० पर्यंत इस्रायलमध्ये आणून वसवायचं, असा निर्णय इस्रायल सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतला. बातमी जाण्याची होती. पण पोहोचल्यावर काय होतं? याचं उत्तर महाराष्ट्रातून गेलेल्या माणसांकडे आहे. त्यासाठी डिमोना हे गाव समजून घ्यावं लागेल.

डिमोना नेगेव्हच्या वाळवंटात आहे, बीरशेबा शहरापासून साधारण ३५ किलोमीटरवर. वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. जगाला हे नाव माहीत आहे ते जवळच्या अणुसंशोधन केंद्रामुळे. पण इथे भेळ मिळते, क्रिकेट खेळलं जातं आणि घराघरांत मराठी बोलणारे आजी-आजोबा आहेत. हे सगळे बेने इस्रायली, म्हणजे मूळचे आपल्या कोकणातले ज्यू.

अलिबाग ते नेगेव्ह, कसं काय?

कोकणात बेने इस्रायलींना 'शनिवार तेली' म्हणायचे. धंदा तेलाच्या घाण्याचा आणि सुट्टी शनिवारी, म्हणून. आडनावं गावावरून पडलेली, शेवटी 'कर'. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला, १९५० मध्ये तिथल्या कायद्याने जगातल्या कुठल्याही ज्यू माणसाला येऊन राहण्याचा हक्क दिला आणि हळूहळू मुंबई-कोकणातली कुटुंबं निघाली.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. इराकमधून किंवा युरोपमधून आलेल्या अनेक ज्यूंना परतीचा रस्ताच नव्हता. बेने इस्रायलींना भारतात कुणी छळलं नव्हतं. त्यामुळे नव्या देशात अपमान झाला, तर 'आम्ही परत जातो' असं ते म्हणू शकत होते. आणि ते तसं म्हणालेही!

पण येणाऱ्याने राहायचं कुठे, हे बहुतेक वेळा सरकार ठरवायचं. तेल अवीवच्या आसपास गर्दी होती, दक्षिणेचं वाळवंट आणि सीमेलगतचा भाग विरळ. तिथे वस्ती वाढवण्यासाठी 'विकास नगरं' उभी केली गेली. डिमोना त्यातलंच, १९५५ मध्ये वसलेलं. सुरुवातीला आली ती मोरोक्कोतली कुटुंबं. जहाजातून उतरवून थेट नव्या वसाहतीत न्यायचं, अशी ती पद्धत होती. काही ठिकाणी आजूबाजूचं ओसाड वाळवंट पाहून लोकांनी ट्रकमधून उतरायलाच नकार दिला होता. भारतीय आले ते याच मांडणीत. काम मिळायचं ते मुख्यतः कापड गिरण्यांत आणि मृत समुद्राकाठच्या कारखान्यांत. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसाला हिब्रू येत नसेल, तर त्याच्या अनुभवाला तिथे फारशी किंमत नव्हती.

'तुम्ही खरंच ज्यू आहात का?'

वाळवंटाची सवय होते. या प्रश्नाची होत नाही.

१९५१-५२ मध्येच भारतीय ज्यूंच्या एका गटाने आंदोलन केलं. रंगावरून भेदभाव होतो, ही त्यांची तक्रार. बीरशेबात 'काळ्यांना काळाच पाव' म्हणून पांढरा पाव नाकारला गेला, असाही आरोप होता. अखेर शंभरहून अधिक जणांना भारतात परत पाठवावं लागलं. त्यातले काही नंतर पुन्हा इस्रायलला गेले, हेही खरं.

मोठा वाद झाला तो लग्नावरून. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या हातात आहेत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने फर्मान काढलं की, बेने इस्रायली व्यक्तीला इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल, तर आधी तिच्या पूर्वजांची चौकशी करा. मतदान करा, सैन्यात जा, पण लग्नाच्या वेळी आजी-पणजीचा पुरावा आणा! १९६४ मध्ये बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

माझ्या मते डिमोनातले भारतीय टिकले ते सरकारी योजनेमुळे कमी आणि एकमेकांमुळे जास्त. एकाच भागात नातलग, एकाच सिनेगॉगमध्ये प्रार्थना, शुभकार्याला पोहे-नारळ-गुळाचा मलिदा. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही इस्रायलमधूनच निघू लागलं.

मग आता वेगळं काय आहे?

बेने मेनाशेंची वाट आणखी अवघड आहे. २००५ मध्ये तत्कालीन सेफार्दी मुख्य धर्मगुरूंनी त्यांना इस्रायलच्या हरवलेल्या जमातीचे वंशज मानलं, पण धर्मांतराचा विधी मात्र आवश्यक ठरवला. म्हणजे बेने इस्रायलींनी जो प्रश्न झुगारला, त्याला होकार देऊनच यांना आत यावं लागतं. त्यांना वसवायचं आहे ते उत्तरेत, नोफ हागलिल आणि आसपास. हिजबुल्लाच्या रॉकेट हल्ल्यांची झळ बसलेला हा प्रदेश. नवा माणूस पुन्हा कडेलाच.

आणि ज्या जागेला रिकामी म्हणून वसवलं, ती रिकामी नव्हती. डिमोनाला लागून रास जराबा ही अरब बेदुइनांची वस्ती आहे. सरकारदरबारी तिला गाव म्हणून मान्यता नाही. डिमोनाचा नवा विभाग उभा करायचा म्हणून तिथल्या सुमारे ५०० लोकांनी जागा सोडावी, असा निकाल २०२३ मध्ये बीरशेबाच्या न्यायालयाने दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला डिमोनाचेच रहिवासी करून घ्या.