घड्याळ की ठेवपावती?

दिवाळसणाला जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधण्याची चाल आपल्याकडे निदान दोन पिढ्या चालली. त्या घड्याळाची पारख करण्याचे काम जावयाकडे नसे. सासऱ्याने दिले, जावयाने बांधले आणि पुढची वीस वर्षे नाक्यावरच्या घड्याळजीने ते चालते ठेवले. आता दिवस पालटले. पंचविशीतला मुलगा स्वतःच्या पगारातली दोन-दोन वर्षांची शिल्लक एकदम मोजून स्विस बनावटीचे चावीचे घड्याळ घेतो, आणि एवढ्यावर न थांबता अशा घड्याळांचा संग्रह करण्याची उमेद बाळगतो. या हौसेशी माझे भांडण नाही. कष्टाच्या पैशाने एखादी सुंदर वस्तू घ्यावीशी वाटणे यात पाप ते कसले? माझे भांडण आहे ते दुकानाच्या काउंटरपलीकडून येणाऱ्या दोन शब्दांशी. एक शब्द 'गुंतवणूक' आणि दुसरा 'वारसा'. या दोन शब्दांनी आमच्या मुलांची नजर घड्याळावरून उचलून पेटीवर, पावतीवर आणि नावावर नेऊन ठेवली आहे. आणि ज्या एका प्रश्नावर घड्याळाचे पुढले सगळे आयुष्य अवलंबून असते, तो विचारायचाच राहून जातो.

प्रथम कशाविषयी बोलतो आहोत ते नीट सांगितले पाहिजे. इंग्रजीत ज्याला ड्रेस वॉच म्हणतात ते आपले पोशाखी घड्याळ. पातळ, साधे, दोन किंवा तीन काट्यांचे, चामड्याच्या पट्ट्याचे. सदऱ्याच्या बाहीखाली बिनबोभाट सरकावे आणि पाहणाराने मुद्दाम पाहिले तरच दिसावे, हा त्याचा धर्म. जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने १९३२ साली कालात्राव्हा नावाचे जे घड्याळ काढले त्याचा व्यास उणापुरा ३१ मिलिमीटर होता. पियाजे कंपनीने १९५७ साली अवघ्या २ मिलिमीटर जाडीचे यंत्र करून दाखवले. या जातीच्या घड्याळात मिरवायला जागाच कमी. म्हणून जे काही असेल ते आत, आणि म्हणूनच त्याची पारख कठीण.

आता 'गुंतवणूक' हा शब्द घ्या. दुकानदार मोठ्या आर्जवाने सांगतो, "साहेब, याला खर्च समजू नका!" २०२१ साली आणि २०२२च्या आरंभी काही ठरावीक घड्याळांचे भाव दुय्यम बाजारात आकाशाला भिडले होते, हे मी नाकारीत नाही. पण ती घड्याळे कोणती? पाटेकचे नॉटिलस, रोलेक्सचे डेटोना. म्हणजे खेळाडू थाटाची. त्यांचेही भाव २०२२ उलटण्यापूर्वीच उतरणीला लागले आणि वरच्या पायरीवर घेणारे हात चोळीत बसले. बिचारे पोशाखी घड्याळ त्या वरातीत नव्हतेच. दुकानाचा उंबरठा ओलांडताच त्याची किंमत बहुधा घटते. पुन्हा विकायला गेले की पूर्ण पैसे परत येत नाहीत. तेव्हा ज्याला खरोखर पैसा वाढवायचा आहे त्याने पोस्टात ठेव ठेवावी. त्या ठेवीला निदान दर पाच वर्षांनी तेलपाणी करावे लागत नाही.

दुसरा शब्द 'वारसा'. तुम्ही या घड्याळाचे मालक नसून पुढच्या पिढीसाठी त्याचा सांभाळ करणारे आहात, अशा अर्थाची जाहिरात पाटेक कंपनी १९९६ पासून करीत आली आहे. लाखो रुपये मोजून मालकी मिळत नाही, राखणदारी मिळते, असा हा सौदा! मग आणखी एक मात्रा उगाळली जाते ती कंपनीच्या स्थापनेच्या सालाची. तबकडीवरचे नाव जितके जुने तितके घड्याळ थोर. या समजुतीची परीक्षा एका उदाहरणावर करून पाहू. जर्मनीतल्या ग्लासह्यूटे गावी १८४५ साली फर्डिनांड आडोल्फ लांगे यांनी घड्याळे करायला आरंभ केला. १९४८ साली तो कारखाना सरकारने ताब्यात घेतला आणि पुढे ते नाव घड्याळांवरून नाहीसेच झाले. १९९० साली घराण्यातल्याच वॉल्टर लांगे यांनी कंपनी पुन्हा उभी केली आणि १९९४ साली तिची पहिली घड्याळे लोकांपुढे आली. आज ती घड्याळे जगातल्या पहिल्या पंक्तीत बसतात. आता मला सांगा, ही थोरवी १८४५ या आकड्याची की १९९० नंतर त्या कारखान्यात बसून हातात कानस धरणाऱ्या माणसांची? साल खोटे नाही, पण सालाने काही सिद्धही होत नाही. घड्याळ चांगले आहे की नाही हे घड्याळालाच विचारावे लागते.

इथे आमचे काटकसरी वाचक पुढे सरसावतील. ते म्हणतील, "मास्तर, कशाला हा काथ्याकूट? हजार रुपयांचे बॅटरीचे घड्याळ याहून बरोबर वेळ दाखवते!" अगदी मान्य. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सीको कंपनीने ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीला काढले. त्याची चूक महिन्याला ५ सेकंदांच्या आत. उलट स्वित्झर्लंडची अधिकृत क्रोनोमीटर तपासणी चावीच्या यंत्राला पंधरा दिवस उलटसुलट ठेवून, थंडी-उन्हाळा दाखवून जी सनद देते, तिच्यात दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतकी सरासरी मोकळीक आहे. या एका फरकाने स्विस धंद्याचे कंबरडे मोडले. १९७० साली तिथे नव्वद हजारांच्या घरात कामगार होते, ते १९८५च्या सुमारास तीस हजारांवर आले. तेव्हा बरोबर वेळेसाठी चावीचे महागडे घड्याळ घेणारा माणूस भोळा म्हटला पाहिजे. पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यांत ६ सेकंदांची चूक म्हणजे १४,४०० त एक! तीही विजेशिवाय, केवळ एक गुंडाळलेली कमान, एक केसासारखी बारीक कमान आणि चार चाके यांच्या बळावर. वर्गात इतके अचूक गणित करणारा मुलगा मला अजून भेटायचा आहे. पैसे द्यायचे ते या कारागिरीचे, आणि कारागिरी खरोखर असेल तरच.

ती आहे की नाही हे कसे ओळखावे? याचे उत्तर आपल्या घरातल्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पैठणी घेताना जाणती बाई पदर प्रथम उलटा करते. हातमागावरची अस्सल विणकर मागूनही पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे लोंबतात. घड्याळाचेही तसेच. त्याला उलटे करा. पाठीला काच असेल तर घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावा. पुलांवर नुसत्या समांतर रेघा दिसल्या म्हणून हुरळू नका, त्या यंत्र झटक्यात काढते. पुलांच्या कडा पाहा. त्या तिरप्या घासून आरशासारख्या केल्या आहेत काय? दोन तिरप्या कडा आतल्या बाजूला मिळतात तिथे धारदार कोपरा आहे काय? फिरणारे हत्यार तिथे गोलाई सोडून जाते. तो कोपरा माणसाच्या हातानेच साधतो. मग दुकानदाराला विचारा की हे यंत्र कंपनीने स्वतः केले की बाहेरून विकत घेतले. विकत घेतलेले यंत्र वाईट असते असे मुळीच नाही. पण दुसऱ्याच्या स्वयंपाकाला स्वतःच्या हातचा म्हणून दर लावला असेल, तर ताटावरून उठावे. आणि हो, पैठणी घेताना 'पाच वर्षांनी हिला काय भाव येईल' असे आजवर कोणी विचारले आहे का?

आता तो राहून जाणारा प्रश्न. हे घड्याळ उघडणार कोण? आजकालची पुष्कळशी यंत्रे तासाला २८,८०० ठोके देतात. दिवसाचे झाले ६,९१,२००. पाच वर्षांचे १२६ कोटींहून अधिक. इतक्या धडपडीनंतर तेल सुकते, धूळ साचते आणि घड्याळ खोलून धुवावे लागते. पण अनेक बड्या स्विस कंपन्या आपले सुटे भाग अधिकृत केंद्राबाहेर कोणाला देत नाहीत. नाक्यावरचा घड्याळजी कितीही निष्णात असला तरी त्याच्या हाती काही नाही. वस्तू तुमची, पण ती कुठे आणि कोणत्या दराने दुरुस्त करायची हे ठरवणार कंपनी. याला वारसा म्हणावे की वेठ?

याच्या शेजारी आपले एचएमटी 'जनता' ठेवून पाहा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला एचएमटीची घड्याळे निघू लागली. २०१६ साली केंद्र सरकारने ती घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना गेला, पण 'जनता' अजून टिकटिक करते आहे. का? तिचे भाग मिळतात आणि तिचे पोट ओळखणारे घड्याळजी गावोगाव आहेत. मात्र त्या घड्याळजींची मुले आता मोबाइलची दुकाने टाकीत आहेत. तो हात एकदा संपला की तुमच्या नातवाला मिळेल ती मखमलीच्या पेटीत बंद पडलेली एक तबकडी. आम्हाला वारशाची एवढी काळजी आहे, तर तो ज्या हातांनी चालायचा त्यांची का नसावी?

मग जुने घ्यावे काय? जरूर घ्यावे, पण डोळे उघडे ठेवून. आपल्याकडे जुन्या घड्याळांच्या तबकड्या भडक रंगांत पुन्हा रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे अवयव एकत्र जोडून विकण्याचा उद्योग इतका फोफावला, की परदेशी संग्राहकांत अशा मालाला 'मुंबई स्पेशल' हे कुचेष्टेचे नाव पडले. साठ वर्षांचे घड्याळ आणि तबकडी कालची दिसत असेल, तर ती बहुधा कालचीच असते.

तेव्हा तरुण मित्रांनो, दुकानात एकटे जाऊ नका. आईला नाही तर आत्याला बरोबर न्या, उलट बाजू पाहायची सवय त्यांना आहे. घड्याळ बाहीखाली सरकते का पाहा. कमी उजेडात वेळ वाचता येते का पाहा. चावी स्वतः देऊन पाहा, ती खरखरू नये. पाठीवर '३० मीटर' लिहिले असले तरी ते बांधून पोहायला जाऊ नका. त्या आकड्यात हात धुताना उडणाऱ्या थेंबांपुरतेच अभय आहे. मग पहिले तेलपाणी कुठे होईल, किती दिवस लागतील आणि आजच्या दराने काय पडेल, हे तीनही विचारा आणि लिहून मागा. दुकानदाराने आनंदाने लिहून दिले आणि घड्याळ मनातून उतरत नसेल, तर पाडव्याच्या मुहूर्तावर खुशाल घ्या, रोज वापरा, आणि तुमच्या गल्लीतल्या घड्याळजीकडे निदान आजोबांची 'जनता' तरी चालू करायला न्या. पण लिहून द्यायच्या वेळी तो पुन्हा 'गुंतवणूक' आणि 'वारसा' यांच्याच गोष्टी सांगू लागला, तर त्याने मागवलेला चहा तेवढा प्या आणि बाहेर पडा.