रॉडला परवाना, जाळ्याला पंचनामा

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'ट्राउट ऑर नथिंग'. चौघं जण, चौघंही नागपूरचे, आणि चौघांपैकी एकानेही आजवर जिवंत ट्राउट पाहिलेला नाही. सप्टेंबरच्या शेवटी हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात जायचं, पाठीवर तंबू घेऊन चार दिवस चालायचं, नदीत मासे धरायचे, असा बेत दोन महिन्यांपासून शिजतोय. यादी रोज वाढते. साठ लिटरची सॅक, स्लीपिंग बॅग, वॉटरप्रूफ बूट, हेडलॅम्प, सात फुटी रॉड, रील, स्पिनर. फुटाळ्यावर बसून या यादीवर आम्ही जितकं बोललो, तितकं इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत अभ्यासावर बोललो नसू.

मागच्या रविवारी एकाने ग्रुपवर बातमी टाकली. तोतलाडोहच्या जलाशयात चोरून मासेमारी, जाळी जप्त. अशी बातमी नागपूरच्या पेपरात अधूनमधून येतेच. खाली त्याची कॉमेंट होती, "साल्यांना आतच टाकायला पाहिजे." दोन मिनिटांनी त्याचाच पुढचा मेसेज आला, "बे, हा रॉड पाहा, साडेसहा हजारात देऊन राहिले."

मी ते दोन मेसेज बराच वेळ पाहत बसलो. त्याला त्यात काहीच विचित्र वाटलं नव्हतं. उरलेल्या दोघांनी रॉडवर हार्ट टाकलं होतं.

मी ढिवर आहे. साकोलीकडच्या एका गावात माझ्या आज्याचा डोंगा होता. मालगुजारी तलावात तो पहाटे जाळं टाकायचा आणि आजी टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. बाबा शिकले, नागपुरात नोकरीला लागले, आणि आमच्या घरातून सगळ्यात आधी हद्दपार झाला तो मासळीचा वास. डब्यात झिंगे न्यायची मला बंदी होती. शाळेत आमच्या जातीचं नाव शिवीसारखं वापरलं जायचं. आता तेच काम कार्बन फायबरच्या काडीने केलं की त्याला अँगलिंग म्हणतात, इन्स्टाच्या बायोमध्ये लिहितात आणि त्यासाठी ऑफिसात रजा टाकतात. माझी हरकत रॉडला नाही. रॉड मलाही हवाय. हरकत आहे ती एकाच कामाचे दोन भाव करण्याला. पोटासाठी मासा धरणारा चोर ठरतो आणि मजेसाठी धरणारा निसर्गप्रेमी. ही वाटणी आपण इतकी गिळून टाकली आहे की ती आता आपल्याला दिसतही नाही.

आणि ही वाटणी आपण केलेली नाही, ती आयती मिळाली आहे. ज्या ट्राउटसाठी आम्ही चाललोय तो मुळात हिमालयातला मासाच नाही. काश्मीरमध्ये 1900 च्या आसपास ब्रिटनहून त्याची अंडी आणून वाढवली गेली. कुल्लूत 1909 साली बियासच्या काठी महिली इथे त्याची हॅचरी निघाली. कशासाठी, तर सुट्टीत गळ टाकून बसायला साहेबाला आपल्या गावचा मासा हवा होता. त्याआधी 1873 साली मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमस या अधिकाऱ्याने 'द रॉड इन इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवाल आला. गावकऱ्यांची बारीक आसाची जाळी आणि सापळे माशांचा नाश करतात, अशी तक्रार त्यात होती. मग 1897 चा मत्स्यव्यवसाय कायदा आला. त्याने पाण्यात स्फोट करणं आणि विष कालवणं गुन्हा ठरवलं. ते योग्यच होतं, आज्यानेही दोन्ही हातांनी सही केली असती. पण त्या काळापासून एक चित्र पक्कं बसलं. रॉडवाला नदीचा रक्षक आणि जाळंवाला तिचा शत्रू.

गंमत म्हणजे या रक्षकाने आणलेला मासाच नदीला महाग पडला. तीर्थन-बियासच्या पाण्यातला मूळचा मासा म्हणजे तिकडे ज्याला गूगली म्हणतात तो, स्नो ट्राउट. नाव ट्राउट असलं तरी त्याचं कूळ आपल्या रोहूचं. ब्राउन ट्राउट शिकारी आहे, दुसऱ्यांची पिल्लं खातो, आणि तो जिथे स्थिरावला तिथे गूगली मागे सरकला असं मत्स्यशास्त्रज्ञ सांगत आलेत. थोडक्यात, आमच्या ग्रुपच्या नावातला 'नथिंग' हा तिथला मूळ रहिवासी आहे.

आता 'कॅच अँड रिलीज'कडे येतो, कारण मित्रांचा सगळ्यात मोठा नैतिक आधार तो आहे. आपण मासा मारणार नाही, फोटो काढून सोडून देऊ, म्हणजे आपण त्या तोतलाडोहवाल्यांसारखे नाही. दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा मी आज्याला रॉड मारणाऱ्या एका पोराचा व्हिडिओ दाखवला होता. त्याने शेवटपर्यंत पाहिला. पोराने माशाचा मुका घेतला आणि त्याला परत पाण्यात सोडलं.

"सोडून देल्ली?" आजा म्हणाला. "मंग धरली कायले? भूक नाही तं मासोरीच्या तोंडात गरी कायले घालाची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही पुरतं नाही. मासा सोडल्याने नदीत मासे टिकतात हे खरं आहे. काही नद्यांत महसीर उरला तो अशा नियमांमुळेच, हेही मान्य. पण त्यातून गरी अडकलेल्या माशाचा त्रास वजा होत नाही. आणि भुकेसाठी मारणाऱ्यापेक्षा करमणुकीसाठी छळणारा वरच्या पायरीवर कसा बसतो, हे मला कुणी समजावून सांगावं. आपल्याला मासा नको असतो, फोटो हवा असतो, एवढं तरी प्रामाणिकपणे कबूल करा.

तोतलाडोहचं काय आहे ते नीट सांगतो, कारण नागपूरकर त्याचं पाणी पितात आणि गोष्ट मात्र त्यांना माहीत नसते. पेंच नदीवर महाराष्ट्र-मध्य प्रदेशच्या सीमेवर हे धरण झालं, 160 मेगावॉट विजेसाठी. दोन्ही राज्यांत मिळून सत्तरएक चौरस किलोमीटर जंगल आणि जमीन पाण्याखाली गेली. खाली नवेगाव खैरीचं धरण आहे आणि तिथून आपल्या नळाला पाणी येतं. वरच्या पाण्याभोवती दोन्हीकडे राष्ट्रीय उद्यानं झाली. विस्थापित आदिवासींकडे शेत उरलं नाही, समोर पाणी उरलं. त्यांनी त्यात जाळं टाकलं. मध्य प्रदेश सरकारने त्यांना मासेमारीचे 305 परवाने दिले, त्याविरुद्ध एक पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि मार्च 1997 मध्ये निकाल आला. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. जंगल वाचवायलाच हवं, पण ज्यांना उठवलं त्यांच्या पोटाचंही पाहायला हवं, असा त्याचा रोख होता. अटी मात्र कडक घातल्या. फोटोचं ओळखपत्र, रोजच्या मासळीची नोंद, काठावर चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही.

त्या अटी पुन्हा वाचा. तीर्थनला जाणाऱ्या कुठल्याही हौशी ट्रेकरला लागू पडाव्यात अशाच आहेत. फरक इतकाच की ट्रेकरने त्या पाळल्या की तो 'रिस्पॉन्सिबल ट्रॅव्हलर' होतो, त्यावर रील करतो. विस्थापिताला मात्र त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

आपल्या बाजूला, महाराष्ट्रात, तेवढंही मिळालं नाही. इथे तोतलाडोहात जाळं म्हणजे गुन्हा. मला वनविभागाची बाजू कळत नाही असं नाही. जाळ्यात कासवं, पाणमांजरं अडकून मरतात. रात्रीच्या मासेमारीमागे पैसा लावणारे व्यापारी असतात, आणि वनरक्षकांवर हल्लेही झालेत. काठीच्या जोरावर रात्रभर गस्त घालणारा वनरक्षकही कुणा गरिबाचाच पोरगा असतो. पण त्याच पेंचमध्ये कोलितमाऱ्याला पर्यटकांसाठी बोटी आहेत. म्हणजे पाण्यावर माणूस चालतो, फक्त तिकीट काढलेला.

2006 च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि तो कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. मग ढिवरांनी तो मागावा की! मागतात. पण ढिवर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, भटक्या जमातीत आहेत. त्यामुळे त्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, वास्तव्याचा पुरावा द्यायचा. पाण्यावर जगलेल्या माणसाने कागद कुठून आणायचा? माझ्या आज्याकडे आजही डोंग्याची कसली पावती नाही. मित्राच्या रॉडची मात्र जीएसटी बिलासकट ऑनलाइन पावती आहे.

आणि आता तीर्थन. आम्ही गुशैणीहून ज्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये चालत जाणार आहोत त्याची अंतिम अधिसूचना 1999 ची. तेव्हाच तिथल्या गावांचे चराईचे आणि जडीबुटी, गुच्छी गोळा करायचे हक्क संपवले गेले. 2014 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. ज्या वाटेने मेंढपाळ वर जायचे त्याच वाटेने आता आम्ही परवानगीची पावती घेऊन जाणार. ज्याला आम्ही 'अनटच्ड विल्डरनेस' म्हणतोय ते कुणाचं तरी रिकामं करून घेतलेलं कुरण आहे. पेंच आणि तीर्थन यांत दीड हजार किलोमीटरचं अंतर असेल, गोष्ट तीच आहे.

मग जाऊच नये का? असं मी म्हणत नाही. मला जायचंय. बर्फाचं पाणी मी अजून हातात घेतलेलं नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, इथे डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स. दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून रात्रीची बस, औटला उतरून बंजार, पुढे गुशैणी, हा रस्ता मला पाठ झालाय. पण तयारीची यादी बघा. त्यात एकही माणूस नाही. सगळ्या वस्तू आहेत.

याची किंमत केवळ नैतिक नसते. तीर्थन जिथे बियासला मिळते त्या लारजीच्या धरणातून 8 जून 2014 ला पाणी सोडलं गेलं आणि खाली थलौटजवळ नदीत फोटो काढत उभी असलेली हैदराबादकडची 24 इंजिनिअरिंगची पोरं वाहून गेली. आमच्याच वयाची, आमच्यासारखीच सहलीला आलेली. चूक त्यांची नव्हती, इशारा द्यायला हवा होता तो मिळाला नाही. पण परक्या नदीत उतरताना सात फुटी रॉडचा काय उपयोग असतो ते यावरून कळतं. पाणी कधी चढतं, कुठला दगड निसरडा, कुठल्या वळणाला जायचं नाही, हे नदीकाठच्या माणसाला विचारावं लागतं, आणि विचारायला आधी तो माणूस आपल्याला माणूस म्हणून दिसावा लागतो. इथल्या ढिवराला 'साले' म्हणणारा तिथल्या मच्छीमाराकडून काय शिकणार आहे?

म्हणून मी ग्रुपवर माझ्या अटी टाकल्या. परवाना हिमाचलच्या मत्स्यविभागाकडून रीतसर काढायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची बंदी असते, तेव्हा बेत लांबला तर मार्चवर जाऊ, पण चोरून गळ टाकायचा नाही. मासेमारी उद्यानाबाहेर, आणि गुशैणीतल्याच कुणाला तरी सोबत घेऊन, त्याचा दिवसाचा मोबदला घासाघीस न करता देऊन. धरलेला मासा परवान्यात बसत असेल तर खायचा. गूगली लागला तर हात ओले करून लगेच सोडायचा, फोटोविना.

शेवटची अट अशी, की तिकडे जाण्याआधी दोन दिवस इकडे यायचं. रेल्वे नको, साकोलीची लाल डबा एसटी पुरे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी तलावांमधली बेशरम उपटून काढली, चिखलात उतरून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि सरकारी रोहू-कटल्याच्या बिजाईत हरवलेले देशी मासे परत यायला लागलेत. एवढं मोठं काम नागपूरपासून चार तासांवर चालू आहे आणि आमच्या ग्रुपवर त्याची एक लिंक नाही. आजा आता डोंग्यात चढत नाही, पण काठावर बसून गरी कशी बांधायची ते दाखवेल. गांडूळ फुकट.

मेसेज लांबलचक झाला. तीन निळ्या टिका आल्या, तासभर कुणी काही बोललं नाही. मग बातमी टाकणाऱ्यानेच लिहिलं, "तुझ्या आज्याकडे जायला मी येतो. पण रॉड मी घेऊन राहिलो, सांगून ठेवतो."

ग्रुपचं नाव अजून तेच आहे.