हिरवं पिल्लू नेमकं कुणाचं?

हिरवंगार, लांब शेपटीचं, तळहातावर मावणारं पिल्लू विकणारा त्याला इग्वाना म्हणतो. तो खरा इग्वाना असेलही. पण आग्नेय आशियातला वॉटर ड्रॅगन त्या वयात बराचसा असाच दिसतो, आणि दोघांत फरक सांगणारी खूण डोक्याच्या बाजूला असते. इग्वानाच्या कानाच्या पडद्याखाली एक मोठा, गोल, चकतीसारखा खवला असतो. वॉटर ड्रॅगनला तो नसतो. एवढं पाहायला एक क्षण पुरतो, पण त्यावर त्या जिवाचं सगळं आयुष्य ठरतं. इग्वाना जन्मभर पाला खाणारा, तर वॉटर ड्रॅगन मुख्यतः किड्यांवर जगणारा. म्हणजे नाव चुकलं की खाणंही चुकतं. म्हणूनच सरडे-पाली पाळण्याच्या हौसेत जबाबदारीची सुरुवात पिंजऱ्यापासून होत नाही, ओळखीपासून होते. प्राण्याची जात खात्रीने सांगता येत नसेल तर तो घरात आणूच नये, असं माझं मत आहे.

हे मत कडक वाटेल, पण लेपर्ड गेकोचं उदाहरण घ्या. ठिपक्यांची, जाड शेपटीची ही पाल जगभर लाखो घरांत आहे आणि तिचे बहुतेक वंश पाकिस्तान-अफगाणिस्तानाकडच्या जातीपासून आलेले आहेत. तिची सख्खी नातलग, युब्लेफारिस फस्कस, मात्र महाराष्ट्र आणि गुजरातच्या खडकाळ माळांवर राहते. घरातल्या पालीपासून दोघींना वेगळं काढणं सोपं आहे. त्यांना हलणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांखाली भिंतीला चिकटणाऱ्या पट्ट्या नसतात. दोघींना एकमेकींपासून वेगळं काढायचं तर मात्र खवल्यांची रचना जाणणारा माणूस लागतो. विकाऊ पिल्लू पांढरं किंवा नारिंगी असेल तर ते पैदास केंद्रातलं असण्याची शक्यता जास्त. साध्या पिवळट-तपकिरी ठिपक्यांचं, कागदाशिवाय आलेलं पिल्लू कुठल्या माळावरून उचललंय, हे तुम्हाला कोण सांगणार? याच कुळातल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं शास्त्रीय वर्णन 1999 साली प्रसिद्ध झालं आणि ती जिथे सापडली होती, तिथून ती हौशी बाजारासाठी भराभर उचलली गेली. तेव्हापासून काही संशोधक नव्या जातीचा नेमका पत्ता छापायला कचरतात. घोरपडीच्या बाबतीत तर संशयाला जागाच नाही. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तिचं पिल्लू कितीही गोजिरं दिसलं तरी ते घरात ठेवणं गुन्हाच.

मग परदेशी जातींचं काय? त्यांना वाट आहे. कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीने ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. इग्वाना त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे असे प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची आहे. इथेही मुद्दा ओळखीचाच येतो, कारण अर्जात जातीचं नाव लिहावं लागतं, आणि ते विकणाऱ्याच्या शब्दावर लिहिलं तर चूक तुमच्या नावावर पडते. पण नोंदणी झाली म्हणजे पाळणं जमलं, असंही नाही. दिवसा उन्हात बसणाऱ्या सरड्याच्या कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं ते सूर्यकिरणांतल्या यूव्ही-बीमुळे. खिडकीची काच ते किरण बहुतांशी अडवते, त्यामुळे ‘आमच्या हॉलमध्ये भरपूर ऊन येतं’ हे उत्तर चालत नाही. यूव्ही-बी देणारा खास दिवा, त्याची वेळेवर बदली, एका बाजूला ऊब आणि दुसऱ्या बाजूला गारवा, आणि किड्यांवर कॅल्शियमची भुकटी हे नसेल तर हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. हे हळूहळू होतं आणि मालकाला उशिरा दिसतं, कारण सरडा कण्हत नाही. त्यातून मुंबई-पुण्याबाहेर सरपटणाऱ्यांचा पशुवैद्य शोधणं सोपं नाही. घेण्याआधी तोच शोधावा. आणि इग्वाना मोठा होऊन शेपटीसकट पाच फुटांच्या पुढे जातो, हे टू-बीएचके घेणाऱ्याने लक्षात ठेवलेलं बरं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की पैदास केलेला प्राणी रानातून आणलेला नसतो, मग नुकसान कुणाचं? बरोबर, रानाचं नुकसान टळतं. पण पैदासही निर्दोष नसते. लेपर्ड गेकोची ‘लेमन फ्रॉस्ट’ ही रंगछटा त्वचेतल्या गाठींशी जोडलेली आहे, हे 2021 च्या संशोधनातून समोर आलं. रंगासाठी आजार जोपासला जात होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलांना निसर्गाची गोडी लागते, कुत्रा परवडत नाही, पाल परवडते. गोडी लागते हे मान्य. पण लेपर्ड गेको 15 ते 20 वर्षं जगते. सहावीतल्या मुलाची हौस संपेल तेव्हा तिला कोण सांभाळणार? शिवाय सरडे-पाली साल्मोनेला बाळगतात, त्यामुळे पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात त्या नकोच, असा आरोग्य संस्थांचा सल्ला आहे. मुलाला पाल दाखवायचीच असेल तर ट्यूबलाइटच्या मागे बसलेली फुकट आहे, आणि तिला दिवा, डॉक्टर काहीच लागत नाही.

संशय असलेलं पिल्लू आधीच घरात आलं असेल तर मात्र त्याला बागेत किंवा टेकडीवर सोडून हात झटकू नयेत. फ्लोरिडा आणि पोर्तो रिकोमध्ये सुटलेल्या, सोडलेल्या इग्वानांनी ठाण मांडलंय. त्यांच्या बिळांनी फ्लोरिडात कालव्यांचे काठ खचतात. कोकणाच्या उबदार, दमट हवेत तर त्यांना थंडीचाही अडसर नाही. प्राण्याचे फोटो घ्या: डोकं बाजूने, पायाची बोटं खालून, पाठ वरून. आपल्याकडच्या रानातली जात असण्याची जराही शंका असेल तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, आणि पावती असेल तर ती जपून ठेवा.