आधी मूठ, मग भात

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली या आठवड्यात ‘गरजूंसाठी’ असं लिहिलेलं खोकं आलंय. त्यात आतापर्यंत बिनझाकणाचा मिक्सर, विरलेलं धोतर आणि २०१९ चं कॅलेंडर जमा झालंय. गरजूंना २०१९ ची गरज का पडावी, देव जाणे! याला मी दान म्हणत नाही, साफसफाई म्हणतो. खरं दान कसं असतं ते बघायला थेट मिझोरामला चला. तिथल्या ख्रिस्ती घरांत तांदूळ शिजायला टाकण्याआधी बाई त्यातली एक मूठ बाजूला काढते. ‘बुहफाई थम’ नावाची ही रीत १९१० पासूनची. साठलेला तांदूळ मंडळी गोळा करते, विकते आणि त्या पैशांवर चर्चची कामं चालतात. ही मूठ घरच्यांच्या घासातली असते, उरल्यासुरल्यातली नव्हे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू श्रीमंतांच्या रकमांपेक्षा गरीब विधवेची दोन नाणी मोठी ठरवतो, तीही याच हिशेबाने. प्रेषित पौल तर करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात बजावतो की सगळी मालमत्ता वाटलीत, पण प्रेम नसेल, तर पदरात काही नाही. माझंही मत तेच. प्रेमाच्या माणसाला आपण ताटातलं देतो, माळ्यावरचं नाही. म्हणून दान मोजताना पावतीवरचा आकडा बघू नये, देणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय कमी झालं ते बघावं; आणि काहीच कमी झालं नसेल, तर त्याने निदान आयकर सवलतीची पावती तरी मागू नये.