वाचता येतील अशा नोट्स

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील लोकलने मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जात. दृष्टी लहानपणीच गेलेली. अभ्यासाचा मजकूर संगणकावरचं ‘जॉज’ हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर वाचून दाखवी. २०१७ च्या यूपीएससी परीक्षेत त्या १२४ व्या आल्या, आयएएस झाल्या.

जांभूळ गावाहून बदलापूर-उल्हासनगरला शिकायला जाणाऱ्या अंध मुलामुलींना आज अँड्रॉइड फोनवर तसंच काम करणारं ‘टॉकबॅक’ फुकट मिळतं. अडतं कुठे? हस्तलिखित नोट्सचा फोटो ग्रुपवर पडला, की तो त्यांच्यासाठी बहुतेकदा कोरा कागद. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं मराठी तर त्याहून वाईट. फोन भलतीच अक्षरं बडबडतो. इलेक्ट्रॉनिक मजकूर सुलभ स्वरूपात मिळावा, असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. प्राध्यापकांनो, नोट्स युनिकोडमध्ये टाइप करा, आकृतीखाली दोन ओळी वर्णन लिहा. याच सत्रापासून.